टपाची की बिनटपाची

माझा कुणावर विश्वास नाही. पेणमध्ये बावीस वर्षं लोणची-पापडांचा धंदा करते आहे. हिंगात काय मिसळतात, मिरचीला रंग कसा चढवतात, आणि "ताई, खास तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय" म्हणणाऱ्याच्या पोत्याच्या तळाशी काय असतं, हे मला नीट माहीत आहे. त्यामुळे एका सकाळी दादा मोबाइल नाचवत घरात शिरला आणि म्हणाला, "दोन गाड्या हायत, किंमत एकच सांगतो, हवी ती उचला म्हणतो," तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "इथंच पाणी मुरतंय."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रोह्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली, आधी फिटर म्हणून, मग देखभालीचा फोरमन म्हणून. लग्न केलं नाही. "ते राहिलं, आता गाडी करतो," असं म्हणून स्वतःच हसायचा. माझे यजमान गेल्यावर मी धंद्यात उभी राहिले ती याच्या जोरावर. निवृत्त झाल्यावर मिळालेली त्याची पुंजी बँकेत होती आणि तिचा मोठा लचका या गाडीत जाणार होता. म्हातारपणी माणसाला एकदाच फसता येतं, दुसऱ्यांदा फसायला काही उरत नाही. दादा फसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाडी म्हणजे आपली चारचौघांची गाडी नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकवून बसलेली. रोह्याजवळ एका जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये एकाच जातीच्या दोन होत्या. एक गडद हिरवी, डोक्यावर पत्र्याचा पक्का टप असलेली. दुसरी लाल, म्हणजे पूर्वी लाल असावी, आता गाजरासारखी, आणि उघडी. वर ओढून घ्यायला नुसतं कापड, तेही फाटलेलं. दादाला उघडी हवी होती.

"का?" मी विचारलं.

"अगो, डोक्यावर आभाळ पायजे."

"आभाळ तुझ्या स्कूटरवर पण आहे."

चार महिने इथं पाऊस असा कोसळतो की भिंतीला बुरशी येते. उरलेले आठ महिने हायवेच्या कामाची धूळ. वडखळच्या नाक्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. अशा मुलखात बिनटपाची गाडी कोण घेतो? आणि एवढा मोटारींतला जाणकार माणूस नेमकी फाटक्या कापडाची मागतो, तर कारण वेगळंच असणार. मला वाटलं, कुणी बाई असेल. तोंडावर विचारलंसुद्धा, "शेजारी कुणाला बसवणार आहेस?"

"तुला," तो म्हणाला. मला तेही संशयास्पद वाटलं.

दादा आमच्या घरी रोज येत नसे, पण चैत्र-वैशाखात त्याला यावंच लागे. कैरीच्या लोणच्याचा मसाला तयार झाला की त्याचा वास दादानं घ्यायचा, आणि तो "झालं" म्हणाला की मगच बरणीला दादरा बांधायचा, म्हणजे तोंडावर फडकं आवळायचं. ही रीत आईनं घातली. लहानपणी म्हणे त्यानं पाटावरून उठून सांगितलं होतं की मेथी करपली, आणि ती खरंच करपली होती. तेव्हापासून आमच्या घरात नाक त्याचं. माझं नाकही काही कमी नाही, पण आईनं मान दिला तो त्याला. तो यायचा, चष्मा काढून बाजूला ठेवायचा, डोळे मिटून परातीवर वाकायचा, छाती भरून श्वास घ्यायचा. अख्ख्या बाजाराला ही गोष्ट ठाऊक होती. गिऱ्हाइकं मला विचारायची, "दादांनी पास केलं ना?"

एकदाच घात झाला. दोन वर्षांपूर्वी चाळीस बरण्या महिन्याभरात खवट झाल्या आणि परत आल्या. मी थेट बाजारात गेले, तेलवाल्याच्या दुकानात, भर गर्दीत, आणि त्याला जुनं तेल विकणारा चोर म्हटलं. तो बिचारा नुसता एवढंच म्हणाला, "ताई, दादांनी वास घेतला होता ना?" मला तो त्याचा लबाडपणा वाटला. त्या दिवसापासून त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही, आणि चार जणींनाही चढू दिली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

तर, एका रविवारी दादाच्या स्कूटरवर मागे बसून मी रोह्याला निघाले. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, तू गाडी बघ, मी माणूस बघते. पर्समध्ये फ्रिजवरचा लोहचुंबक घेतला होता, प्लॅस्टिकचा हापूस आंबा चिकटवलेला. कुठूनसं कळलं होतं की जुन्या गाड्यांचा कुजलेला पत्रा पुट्टी भरून, वर रंग मारून लपवतात, आणि पुट्टीवर चुंबक धरत नाही. नागोठणं सोडलं, निडीजवळ चहा घेतला. तिथंही दादा उघड्या गाडीचंच पुराण सांगत होता. मी कान बंद करून बसले होते.

गिरणीवाला साठीच्या पुढचा, लुंगी-बनियनवर. गाड्या त्याच्या वडिलांनी हौसेनं घेतलेल्या. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि किमतीबद्दल एक शब्द बोलला नाही. इतका साधा माणूस मी बाजारात पाहिलेला नाही, म्हणून मी जास्तच सावध झाले.

चुंबक काढला. हिरवीवर सगळीकडे धरला. बॉनेटला, दारांना, टपाला, मागच्या डिकीला. खाडकन बसायचा. मग लालकडे गेले. डाव्या दाराला लावला आणि आंबा टपकन खाली पडला. उजव्या चाकाच्या वर लावला, तिथंही पडला.

"व्हय, तिकडं पुट्टी हाय," गिरणीवाला आपणहून म्हणाला. "पत्रा सडला होता. सांगणारच होतो."

सांगणारच होतो! पकडला गेल्यावर सगळेच सांगणार असतात. मी दादाकडे विजयानं पाहिलं. "बघितलंस? म्हणूनच दोघींची किंमत एक. सडकी उघडी तुझ्या गळ्यात मारायची आणि चांगली टपाची ठेवून घ्यायची. आपण हिरवीच घ्यायची."

"हिरवीचा विचार नाय माझा," दादा म्हणाला.

"का नाही? एक कारण दे."

हिरवीच्या टपाकडे बघत तो म्हणाला, "बंद गाडीत मला गुदमरतं."

तीस वर्षं टाक्यांच्या पोटात उतरून काम केलेला माणूस सांगतो, गुदमरतं! मी सरळ हिरवीचं दार उघडून आत बसले. बसले कसली, पाटावर बसावं तशी खाली गेले. "चालवून बघू," म्हटलं. दादा क्षणभर उभाच राहिला. मग माझ्याकडे पाहून आत आला.

कोलाडच्या रस्त्यानं निघालो. खांबपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. गाडी बाकी फर्मास होती. आवाज असा की पोरंटोरं रस्त्यावर थांबून बघत होती, आणि दादाचे हात स्टिअरिंगवर असे काही ठेवलेले की मला त्याचा तरुणपणचा चेहरा आठवला. त्यानं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली ठेवली होती.

कारखान्यांच्या पट्ट्याशी आलो आणि वास आला. कडवट, गोडसर, जुन्या तेलासारखा. आता इथं एक सांगायला हवं. आमच्या बाजूला वास आला की कुणी "कसला वास?" असं विचारत नाही. "कुणी सोडला?" असं विचारतात, म्हणजे कुठल्या कारखान्यानं वायू सोडला. एसटी असो, रिक्षा असो, हात आपोआप काचेकडे जातो. मी तेच केलं. घट्ट हँडल जोर लावून फिरवलं, काच वर घेतली आणि दादाला म्हटलं, "काच घे, सोडलाय बघ."

"असू दे की."

"अरे, नाक आहे की काय आहे तुला? घे म्हणते ना!"

त्यानं घेतली. मी पदर नाकाला लावला. पट्टा संपला तरी वास होताच. कोलाड आलं तरी होता. "आज लांबवर पसरलाय," मी म्हटलं.

"व्हय. आज जास्तच सोडलाय," दादा म्हणाला, आणि त्यानं मोठी जांभई दिली. मागोमाग दुसरी दिली. माझं कपाळ ठणकायला लागलं होतं. मनात आलं, हा रात्रभर झोपलेला दिसत नाही. म्हणजे बाई आहेच.

खांबला पोचेपर्यंत माझ्या पोटात ढवळायला लागलं. "थांबव, थांबव," म्हणत मी दार ढकलून बाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. दादा पाण्याची बाटली घेऊन आला. चूळ भरली, तोंड धुतलं, एक खोल श्वास घेतला, आणि तशीच थबकले.

बाहेर वास नव्हता.

मी गाडीकडे गेले, दारातून डोकं आत घातलं. वास होता. डोकं बाहेर काढलं, नव्हता. पुन्हा आत घातलं, तर होता, आणि तो कुठल्या कारखान्याचा नव्हता, जळक्या धुराचा होता. एवढा वेळ आम्ही काचा लावून तो आत कोंडून घेतला होता.

"दादा, इकडे ये. आतला वास बघ."

तो आला. चष्मा काढून टपावर ठेवला. डोळे मिटले. आत वाकून छाती भरून श्वास घेतला, अगदी परातीवर वाकायचा तसाच. आणि म्हणाला, "व्हय. कंपनीचाच."

संशय यायची मला सवय आहे, पण हा संशय आला तेव्हा तो खोटा ठरावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तो अजून डोळे मिटूनच होता. मी पर्समधून तो प्लॅस्टिकचा आंबा काढला, रुमालात गुंडाळला आणि त्याच्या नाकाखाली धरला.

"आणि हे बघ. नव्या मसाल्याचा नमुना आणलाय. मेथी जास्त भाजली गेली का?"

त्यानं श्वास घेतला. थोडं थांबून, मान हलवून म्हणाला, "नाय. बरोबर भाजलीय. झकास."

मी रुमाल उघडला. त्यानं डोळे उघडले, चष्मा चाचपला, घातला. आंब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलंच नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्याकडे बघत म्हणाला, "त्या साथीच्या तापात नाक गेलं, वास यायचा बंद झाला. सगळ्यांचं परत आलं, माझं नाय आलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? आईनं तेवढं एकच काम माझ्याकडं दिलं होतं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी रस्त्यातच त्याच्यावर ओरडले. "मेलो असतो आपण दोघं! मी काच वर घे म्हटलं आणि तू घेतलीस? बोलायला काय झालं होतं?"

"तू बोलू देतेस?" तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "म्हणून तर उघडी म्हणत होतो गो. जुन्या गाडीत पेट्रोल गळतं, धूर घुसतो. बंद गाडीत मला कळणार नाय. उघड्या गाडीत वारा तरी घेऊन जाईल. एवढा हिशेब करून ठरवलं होतं मी. तू आत जाऊन बसलीस."

त्यानं गुडघे टेकून पायाखालचं मॅट उचललं. तळाचा पत्रा चाळणी झाला होता आणि त्याच्या बरोब्बर खाली सायलेन्सरचा पाइप सांध्यात तुटलेला होता. मी चुंबक सगळीकडे लावला होता, फक्त जिथं पाय ठेवायचे तिथं नाही.

गिरणीवाल्याला फोन केला. अर्ध्या तासात तो ती गाजरी गाडी घेऊन आला. मी त्याला फैलावर घेतलं. त्यानं मॅट उचलून पाहिलं, चेहरा पडला. म्हणाला, "आई शप्पत ताई, मला म्हायती नव्हतं. मी हिची काच कधी वर घेतच नाय. घट्ट होती म्हणून हँडलला हात लावत नाय." आता खरं असेलही. मला अजून त्याची पुरती खात्री नाही. पण उघडीची चावी त्यानं दादाच्या हातात ठेवली आणि स्वतः हिरवीजवळ उन्हात बसून राहिला, गॅरेजवाल्याची वाट बघत.

परत येताना केस तोंडावर, धूळ दातांत. कारखान्यांच्या पट्ट्यात खराखुरा वास आला तेव्हा माझा हात सवयीनं काचेकडे गेला. काच होती कुठं? दादानं ते पाहिलं आणि विचारलं, "आला का?"

"आला."

"कसा हाय?"

मी सांगितलं. मग वाटेत जे जे आलं ते सांगत गेले. भाताचा पेंढा जाळलेला, भज्यांचं तेल, कुठंतरी मोहोर उरलेला आंबा. तो मान हलवत गाडी चालवत होता. आणि सांगता सांगताच मला त्या चाळीस बरण्यांचं वर्ष आठवलं. मला तेव्हा आठवडाभर कडक सर्दी होती. मोहरीची डाळ कमी पडली म्हणून आदल्या वर्षीची डब्यातली काढून मिसळली होती. दादा वाकला होता, श्वास घेतला होता, "झालं" म्हणाला होता. आणि तेलवाल्याच्या त्याच खेपेच्या तेलात मी मिरचीचं लोणचं घातलं होतं, ते दिवाळीपर्यंत चांगलं राहिलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी चोर तेलवाल्यालाच म्हटलं होतं.

"दादा, तेल चांगलं होतं, डाळ जुनी होती," मी म्हटलं. त्यानं गाडी हळू केली आणि मान हलवली. त्याला ते केव्हाच समजलं होतं, हे मला त्या मान हलवण्यावरून कळलं.

उघडी गाडीच घेतली. दोन आठवड्यांनी कागद झाले आणि पहिल्याच दिवशी मी म्हटलं, बाजारात चल. पेणच्या बाजारातून त्या गाडीत बसून जाणं ही शिक्षाच आहे. टप नाही, काच नाही, ओळखीचं प्रत्येक माणूस वाकून बघतं आणि विचारतं. तेलवाल्याच्या दुकानासमोर दादानं गाडी लावली. दोन वर्षांनी मी ती पायरी चढले. आत दोन-तीन गिऱ्हाइकं होती. काय बोलायचं ते मी घरून जुळवून आणलं होतं, पण आधी पदरच सारखा करत राहिले.

तेलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागून आलेल्या दादाकडे. काहीच झालं नसावं तसं त्यानं डब्यातून वाटीभर तेल काढलं आणि माझ्या डोक्यावरून दादापुढं धरलं. "या. नवा घाणा आहे. आधी तुमचं नाक."

दादा चष्मा काढील, डोळे मिटील, झकास म्हणेल, आणि मी तसंच चालू देईन, हे मला स्वच्छ दिसलं. त्याचा मान राखायला काहीतरी खोटं बोलायची माझीही तयारी झाली होती.

दादानं वाटी घेतली. चष्म्याला हात लावला नाही.

"मला वास येत नाय, शेट," तो म्हणाला. "कधीचा येत नाय. त्या वर्षी डाळ जुनी होती, ती मी पास केली. तुमचं तेल चांगलं होतं."

दादानं वाटी माझ्याकडे वळवली. "तू बघ," म्हणाला. थोडं तेल माझ्या मनगटावर सांडलं. मी वाकले. डोळे भरून आले होते, पण नाक शाबूत होतं.

"चांगलं आहे," मी तेलवाल्याला म्हटलं. "त्या वर्षीचंही चांगलंच होतं. चुकले मी."